परसातील ओटा

परसातील ओटा म्हणजे घराच्या मागील किंवा बाजूच्या मोकळ्या जागेत जमिनीपासून थोडा उंच बांधलेला, वरून सपाट असलेला बैठकीचा भाग होय. बसणे, झोपणे, वाळवण घालणे, धान्य निवडणे, पाहुण्यांशी गप्पा मारणे अशा अनेक कामांसाठी त्याचा उपयोग होतो. पाश्चात्त्य देशांत याच कामासाठी घरामागे लाकडी फळ्यांचा ‘डेक’ बांधतात. महाराष्ट्राच्या पठारी भागात मात्र हा भाग बहुधा दगड, मुरूम, वीट व फरशी यांचा आणि आतून भरीव असतो. या लेखात छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील उस्मानपुरा परिसराची माती, हवामान आणि पाण्याची स्थिती लक्षात घेऊन अशा ओट्याची रचना, बांधणी व सुधारणा यांचे विवेचन केले आहे.

या प्रदेशात ओट्याचे आयुष्य व उपयुक्तता वरच्या फरशीपेक्षा तीन गोष्टींवर अधिक अवलंबून असते : खालची काळी माती, वरचे ऊन आणि पावसाच्या पाण्याला मिळणारी वाट. फळी किंवा फरशी कोणती वापरावी, हा प्रश्न त्यानंतर येतो.

नाव व संबंधित संज्ञा

‘ओटा’ हा शब्द मराठीत घराबाहेरील उंचवट्यासाठी आणि स्वयंपाकघरातील उंच बांधीव पृष्ठभागासाठी, अशा दोन्ही अर्थांनी रूढ आहे. या लेखात पहिला अर्थ अभिप्रेत आहे. घराच्या पुढील मोकळ्या जागेला अंगण, तर मागील जागेला परस, परसू किंवा परसदार म्हणतात. छपराखालील, एका बाजूने उघडा असलेला भाग म्हणजे ओसरी किंवा पडवी. पश्चिम महाराष्ट्रात यालाच सोपा असेही नाव आहे. झाडाच्या बुंध्याभोवती बांधलेल्या ओट्याला पार म्हणतात. मंदिर, समाधी किंवा स्मारक यांच्या उंच आधारपीठाला चौथरा, तर घराच्या भिंतींखालील उंच भागाला जोते म्हणतात. मराठवाड्यात दख्खनी व उर्दू भाषांच्या सहवासामुळे ‘चबुतरा’ आणि ‘दालान’ हे शब्दही बोलण्यात येतात.

‘डेक’ हा शब्द मूळचा जहाजाच्या तक्तपोशीचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उपनगरांतील स्वतंत्र घरांमागे लाकडी डेक बांधण्याची पद्धत लोकप्रिय झाली. तेथे इमारती लाकूड मुबलक होते आणि घरेही बहुतांशी लाकडाचीच होती. दख्खनच्या पठारावर याउलट दगड हाताशी आणि लाकूड महाग, त्यामुळे येथील बैठक दगडाची झाली.

पार्श्वभूमी

मराठी वाड्याच्या रचनेत उघड्या व बंद जागांची एक साखळी दिसते. दरवाज्यालगतची देवडी, मधला चौक, चौकाभोवतीची ओसरी, आतील माजघर आणि शेवटी परस असा तिचा साधारण क्रम असतो. परसात विहीर किंवा आड, न्हाणीघर, गोठा, भाजीपाल्याचे वाफे आणि भांडी घासण्याची जागा असे. घरातील स्त्रियांचा दिवसातील बराच वेळ या भागात जात असल्यामुळे परसातील ओटा हा त्यांच्या कामाचा तसाच विसाव्याचा भाग होता. पुढील ओट्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांची बैठक होई, तर मागील ओट्याला घरगुती खासगीपणा लाभे.

प्रदेशानुसार या रचनेची रूपे बदलतात. कोकणात जास्त पावसामुळे उतरत्या छपराची पडवी आणि पावसाळ्यानंतर सारवून तयार केलेले खळे महत्त्वाचे ठरते. गोव्यातील घरांपुढे ‘बाल्कांव’ नावाचा छपरी ओटा असून त्याच्या दोन्ही बाजूंना बांधीव बाके असतात. मराठवाड्यात कमी पाऊस व कडक उन्हाळा यांमुळे धाब्याची किंवा माळवदाची घरे प्रचलित झाली. या घरांचे सपाट मातीचे छप्पर उन्हाळ्यातील रात्री झोपण्यासाठी वापरले जाई. सायंकाळी अंगणात व ओट्यावर पाणी शिंपडून जागा थंड करण्याची आणि नंतर तेथे बाज टाकण्याची रीतही याच हवामानातून आली.

सिमेंट काँक्रीटची घरे, रो-हाऊस आणि अपार्टमेंट यांच्या प्रसारानंतर अंगण व परस यांचे क्षेत्र घटले. उरलेल्या जागेचा मोठा भाग वाहने ठेवण्यासाठी, पाण्याच्या टाकीसाठी किंवा सरसकट फरशीसाठी वापरला जातो. त्यामुळे आज परसातील ओटा बांधताना, थोड्याच जागेत बैठक, झाडे, वाळवण आणि पाण्याचा निचरा या सर्वांची सांगड कशी घालावी, हा मुख्य प्रश्न असतो.

उस्मानपुरा परिसराची स्थिती

उस्मानपुरा हा छत्रपती संभाजीनगर शहरातील क्रांती चौक व रेल्वे स्थानक यांच्या दरम्यानचा भाग आहे. संत एकनाथ रंगमंदिर व शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय या परिसरात आहेत. बेगमपुरा, जयसिंगपुरा, पदमपुरा यांप्रमाणे ‘पुरा’ हे पद असलेल्या शहरातील अनेक वस्त्यांपैकी ही एक होय.

हे शहर दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसले आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून हा खडक तयार झाला. वेरूळ व अजिंठ्याची लेणी याच प्रकारच्या खडकात कोरलेली आहेत. बेसाल्ट झिजून वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली कठीण पाषाण असा थरांचा क्रम सामान्यतः आढळतो. मात्र काळ्या मातीची जाडी जागोजागी वेगळी असते. एकाच गल्लीतील दोन भूखंडांत ती हातभर किंवा पुरुषभर असू शकते.

शहराचे हवामान उष्ण व निमशुष्क आहे. एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. वार्षिक पाऊस सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर असून त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात पडतो. शहराचा पाणीपुरवठा मुख्यत्वे पैठणजवळील जायकवाडी धरणावर अवलंबून आहे. सतराव्या शतकात मलिक अंबरने बांधलेली नहर-ए-अंबरी ही भूमिगत नहर याच शहरातील पाण्याच्या जुन्या नियोजनाचे उदाहरण आहे. पाण्याची टंचाई आणि थोड्या महिन्यांत पडणारा पाऊस या दोन्ही गोष्टींचा विचार परसातील बांधकामात करावा लागतो.

पाया व भराव

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट गटातील चिकणमाती असते. ती पाणी शोषून फुगते व वाळल्यावर आकसते. उन्हाळ्यात तिच्यात कित्येक सेंटीमीटर रुंद भेगा पडतात. थेट काळ्या मातीवर घातलेला ओटा पावसाळ्यात वर उचलला जातो आणि उन्हाळ्यात खचतो. अशा दोन-चार ऋतूंनंतर फरशीचे सांधे उघडतात, एका कोपऱ्याला उतार पडतो आणि पाणी नेमके घराच्या भिंतीकडे वळते. नवा ओटा बिघडण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण होय.

यावरील उपाय पुढीलप्रमाणे करतात. प्रथम परसात एक-दोन ठिकाणी लहान खड्डे घेऊन काळ्या मातीची जाडी पाहतात. माती कमी जाडीची असल्यास ती पूर्ण काढून ओट्याच्या कडेच्या भिंतींचा पाया मुरमापर्यंत नेतात. आतील पोकळीत मुरमाचा भराव सुमारे १५ सेंटीमीटरच्या थरांनी घालतात. प्रत्येक थरावर पाणी मारून तो धुमसाने चोपला जातो. एकाच वेळी सर्व भराव घालून वरून चोपल्यास खालचा भाग सैल राहतो व पुढे बसतो. भरावावर दगडी सोलिंग, त्यावर काँक्रीटचा पातळ थर आणि शेवटी फरशी असा क्रम असतो. खणून काढलेली काळी माती भरावात परत घालू नये. ती झाडांच्या वाफ्यांसाठी उपयोगी पडते.

काळ्या मातीचा थर फार जाड असेल तेव्हा इमारतींसाठी ‘अंडर-रीम्ड पाइल’ हा पायाचा प्रकार वापरतात. त्याचा विकास रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने केला. लहान ओट्यासाठी एवढा खर्च सहसा परवडत नाही. तेथे ओटा कमी उंचीचा ठेवून, सिमेंटमध्ये न बसवलेल्या सुट्या फरश्यांचा पृष्ठभाग करणे हा सोपा पर्याय ठरतो. जमीन हलल्यास अशा फरश्या उचलून, खाली कच घालून पुन्हा समपातळीत बसवता येतात.

ओटा आणि घराची भिंत एकमेकांत अडकवू नयेत. घराचा पाया खोल व ओट्याचा उथळ असल्याने दोन्ही सारखे बसत नाहीत. दोहोंमध्ये सुमारे २ सेंटीमीटरचा सांधा ठेवून तो डांबरी पट्टी किंवा लवचीक सांधाभरणीने बंद करतात. ओट्याची उंची घराच्या जोत्यापेक्षा किमान एक पायरी खाली ठेवल्यास पावसाचे पाणी घरात शिरत नाही.

पृष्ठभागाचे साहित्य

काळा पाषाण : स्थानिक बेसाल्ट टिकाऊ असतो, कडेच्या भिंती व पायऱ्यांसाठी तो उत्तम. मात्र गडद रंगामुळे तो उन्हात फार तापतो व सायंकाळनंतरही बराच वेळ उष्णता सोडत राहतो. उघड्या पृष्ठभागावर अनवाणी चालणे दुपारी अशक्य होते.

शहाबादी फरशी : हा कर्नाटकातील शहाबाद परिसरातील चुनखडक आहे. मराठवाडा व शहाबाद हे दोन्ही भाग हैदराबाद संस्थानात होते आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत एकाच हैदराबाद राज्यात राहिले. ही फरशी मराठवाड्यातील घरांत सर्वत्र दिसते. तिचा राखाडी रंग काळ्या पाषाणापेक्षा कमी तापतो. खडबडीत पृष्ठभागाची फरशी ओली असतानाही कमी निसरडी असते. घासून गुळगुळीत केलेली फरशी परसात टाळावी.

कडप्पा व कोटा : आंध्र प्रदेशातील कडप्पाची काळी फरशी बाकाच्या वरच्या पृष्ठभागासाठी सोयीची, पण ती सावलीतच वापरावी. राजस्थानातील कोटा फरशी हिरवट-निळसर असते. तीही बाहेर वापरताना खडबडीत पृष्ठभागाची घ्यावी लागते.

वीट : पक्की भाजलेली वीट उभी बसवून केलेली जमीन दिसायला सुंदर असते आणि सांध्यांतून थोडे पाणी जमिनीत जाऊ देते. कच्ची भाजलेली वीट ओलाव्याने भुसभुशीत होते.

लाकूड : सागवान तेलकट व टिकाऊ असते, परंतु महाग. बाभळीचे लाकूड कठीण असून शेतीची अवजारे व बैलगाडीसाठी पूर्वापार वापरले जाते. कोरडा उन्हाळा व ओला पावसाळा यांमुळे फळ्या आकसतात व फुगतात. म्हणून दोन फळ्यांत सुमारे ५ मिलिमीटर फट ठेवतात. सुमारे २५ मिलिमीटर जाडीच्या फळीखाली आधाराचे वासे ४० सेंटीमीटरपेक्षा दूर नसावेत. लाकूड टिकवण्याच्या प्रक्रियेसाठी आयएस ४०१ आणि इमारतींतील वाळवी प्रतिबंधासाठी आयएस ६३१३ ही भारतीय मानके आहेत.

संमिश्र फळ्या : लाकडाचा भुसा व प्लास्टिक यांपासून केलेल्या, ‘डब्ल्यूपीसी’ या नावाने मिळणाऱ्या फळ्यांना वाळवी सहसा लागत नाही. मात्र त्या उन्हात तापतात व प्रसरण पावतात, तसेच लाकडापेक्षा अधिक लवतात. म्हणून त्यांच्याखालील आधार जवळजवळ घ्यावे लागतात आणि टोकांना फट सोडावी लागते.

पोकळ लाकडी डेकविषयी आणखी एक स्थानिक बाब लक्षात घ्यावी लागते. फळ्यांखालील अंधारी, थंड पोकळी विंचू, साप, घुशी व उंदीर यांना आश्रय देते. तेथे पालापाचोळा व पाणी साचल्यास डासही वाढतात. दगडी ओटा भरीव असल्यामुळे हा प्रश्न उद्भवत नाही. लाकडी पृष्ठभाग हवाच असेल, तर भरीव ओट्याच्या पाठीवर उताराला समांतर पट्ट्या ठेवून त्यावर फळ्या बसवणे किंवा पोकळीच्या कडा बारीक जाळीने बंद करून एक भाग उचलता येईल असा ठेवणे, हे दोन मार्ग आहेत.

उंची, मापे व पायऱ्या

ओट्याची उंची ठरवताना दोन गरजा परस्परविरोधी ठरतात. ४५ सेंटीमीटर ही खुर्चीच्या बैठकीची उंची होय. एवढ्या उंचीच्या ओट्याची कडाच बाकाचे काम करते व वेगळे फर्निचर लागत नाही. मात्र तेथे चढण्यासाठी १५ सेंटीमीटरच्या तीन चढी लागतात. चाकाच्या खुर्चीसाठी १ : १२ प्रमाणाचा उतार करायचा झाल्यास तो ५.४ मीटर लांब होतो, आणि तो लहान परसात मावत नाही. ज्या घरात वृद्ध किंवा अपंग व्यक्ती आहेत, तेथे ओटा १५ सेंटीमीटर उंच ठेवून १.८ मीटरचा उतार करणे व कडेला स्वतंत्र बाक बांधणे अधिक योग्य ठरते.

बाज टाकून तिच्या बाजूने जाता यावे, यासाठी ओट्याची रुंदी किमान २.४ मीटर लागते. परस अरुंद असेल, तर भिंतीलगत ६० सेंटीमीटर रुंदीचा लांबट ओटा हा बैठक व वाफ्याची कड असे दुहेरी काम करतो. पायरीची रुंदी ३० सेंटीमीटर ठेवावी. सर्व पायऱ्यांची उंची समान असावी, कारण असमान पायरीवर अंधारात ठेच लागते.

सावली

छत्रपती संभाजीनगर सुमारे १९.९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या तिसऱ्या आणि जुलैच्या चौथ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य येथे जवळजवळ डोक्यावर येतो. त्यामुळे मे महिन्यात दुपारी बारा-एकच्या ऊन्हासाठी आडवे छप्पर पुरेसे असते. खरा त्रास पश्चिमेकडून होतो. मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून सुमारे ३४ अंशांवर असतो. २.४ मीटर उंचीच्या छपराच्या कडेखालून ते ऊन सुमारे साडेतीन मीटर आत येते. म्हणजे तीन मीटर रुंदीचा पश्चिमाभिमुख ओटा छप्पर असूनही पूर्णपणे उन्हात राहतो. पश्चिमेला छप्पर वाढवण्यापेक्षा उभा आडोसा करणे म्हणूनच अधिक परिणामकारक असते.

असा आडोसा बांबूच्या तट्ट्यांचा, जाळीदार विटांच्या भिंतीचा किंवा वेलींचा करता येतो. मधुमालती, जाई, कृष्णकमळ या शोभेच्या, तर दोडका, कारले, घेवडा या भाजीच्या वेली मांडवावर चढतात. भाजीच्या वेलींना सावली देण्याइतकी वाढ होण्यास काही आठवडे लागतात, त्यामुळे पहिल्या उन्हाळ्यासाठी तट्ट्या किंवा कापडाचा आधार लागतो. वाळ्याचे पडदे कोरड्या हवेत चांगला गारवा देतात. टंचाईच्या दिवसांत त्यांवर शिंपडण्यासाठी भाज्या-धान्य धुतलेले पाणी वापरता येते.

हिवाळ्यातील गरज वेगळी असते. २१ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला सुमारे ४७ अंशांवर असतो. त्या वेळी दक्षिणेकडील ऊन ओट्यावर येऊ देणे सुखावह ठरते. शिवाय पापड, कुरडया, सांडगे, मिरच्या यांचे वाळवण उन्हाळ्यातच होते, आणि त्यासाठी स्वच्छ, उघडी, उन्हातील जागा लागते. या कारणांमुळे संपूर्ण ओटा झाकण्यापेक्षा घराकडील निम्मा भाग मांडवाखाली व बाहेरील निम्मा उघडा ठेवण्याची रचना येथील घरांना अधिक सोयीची पडते.

मांडवाचे लाकडी खांब थेट मातीत पुरल्यास तळाशी कुजतात व वाळवी लागते. वाड्यांमध्ये लाकडी खांब ‘तळखडा’ नावाच्या दगडी बैठकीवर उभे करत. त्यामुळे लाकूड जमिनीच्या ओलाव्यापासून दूर राही. आजही दगडी तळखडा किंवा लोखंडी पट्टीची बैठक वापरून हेच काम साधते. मात्र सुटा उभा केलेला मांडव वाऱ्याने उचलला जाऊ नये म्हणून बैठक पायात पक्की अडकवावी लागते. वळवाच्या पावसाआधी येणारी वावटळ हलक्या छपराला धोकादायक असते.

पाण्याचा निचरा व पुनर्भरण

ओट्याच्या पृष्ठभागाला घरापासून बाहेरच्या दिशेने दर मीटरला १ ते १.५ सेंटीमीटर उतार देतात. तीन मीटर रुंदीच्या ओट्यात हा फरक ३ ते ४.५ सेंटीमीटर होतो. बसणाऱ्याला तो जाणवत नाही, पण पाणी थांबत नाही. कडेच्या भिंतींत तळाशी पाणी निघण्यासाठी लहान भोके ठेवतात. ती नसल्यास भरावात मुरलेले पाणी भिंतीला बाहेर ढकलते.

तीन मीटर बाय चार मीटर, म्हणजे १२ चौरस मीटर छपरावर सरासरी वर्षात सुमारे ८,४०० लिटर पाऊस पडतो. बाष्पीभवन व गळती वजा जाता त्यातील सुमारे ६,७०० लिटर पाणी मिळू शकते. पन्हाळीने हे पाणी गोळा करून टाकीत साठवता येते किंवा शोषखड्ड्यात सोडता येते. शोषखड्डा काळ्या मातीतच संपल्यास पाणी मुरत नाही, कारण ओली चिकणमाती पाणी अडवते. तो मुरूम किंवा झिजलेल्या खडकापर्यंत न्यावा लागतो. त्याच वेळी तो घराच्या व ओट्याच्या पायापासून किमान तीन मीटर दूर असावा, अन्यथा पायाखालची माती फुगते. रो-हाऊसच्या दोन-तीन मीटर खोलीच्या परसात हे अंतर मिळत नाही. तेथे नळाद्वारे पाणी पुढील अंगणात नेणे किंवा टाकीत साठवून झाडांना देणे हाच सुरक्षित पर्याय उरतो.

परसातील सर्व जमीन फरशीने झाकल्यास पाणी मुरण्याची जागा नाहीशी होते आणि पावसाळ्यात ते रस्त्यावर येते. फरशीची उष्णता रात्री घरालाही तापवते. ओटा बांधताना उरलेली जमीन उघडी, वाफ्यांची किंवा खडीची ठेवणे हा ओट्याच्या आराखड्याचाच भाग मानला पाहिजे.

जुन्या ओट्यात सुधारणा

जुना ओटा पाडण्यापूर्वी त्यात बिघाड नेमका कशामुळे झाला, हे पाहणे आवश्यक असते. फरशीचे सांधे उघडले असून कडेच्या भिंती सरळ असतील, तर भराव बसला आहे असे समजावे. अशा वेळी फरशी काढून भराव पुन्हा चोपणे पुरेसे होते. भिंतच बाहेर झुकली असल्यास निचऱ्याचा किंवा पायाचा दोष असतो, आणि वरून नवी फरशी बसवून तो दूर होत नाही. केवळ सांधे झिजले असतील, तर ते खरवडून नव्याने दर्जा भरता येतात.

थोड्या खर्चात करता येण्यासारख्या काही सुधारणा पुढीलप्रमाणे आहेत :

– कडेच्या भिंतीवर ४५ सेंटीमीटर उंचीपर्यंत चढ घेऊन तिचे बाक करणे.
– तुळशी वृंदावन किंवा एखादे लहान झाड ओट्याच्या कोपऱ्यात सामावून घेऊन त्याभोवती पार बांधणे. बुंध्याभोवती माती उघडी ठेवणे.
– उत्तरेकडील सावलीच्या कोपऱ्यात पाण्याच्या रांजणासाठी दगडी घडवंचीसारखी बैठक करणे. पाझरणारे पाणी कुंडीत जाईल अशी योजना करणे.
– उघड्या भागातील गडद फरशीवर चुन्याचा किंवा उष्णतारोधक पांढरा हात देणे.
– झोपाळ्यासाठी घराच्या भिंतीला कडी न ठोकता स्वतंत्र चौकट उभारणे.
– पायरीच्या उभ्या बाजूला मंद पिवळा दिवा बसवणे. पांढऱ्या-निळसर प्रकाशाच्या तुलनेत याकडे कीटक कमी येतात.
– भांडी घासण्याच्या मोरीचे पाणी वेगळ्या पन्हाळीने केळी किंवा अळूच्या वाफ्यात सोडणे.

सुरक्षितता व नियम

३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत झालेल्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती व जड माळवदे कोसळून हजारो लोक मृत्युमुखी पडले. चिखलात रचलेल्या भिंतीचे आतील व बाहेरील थर एकमेकांशी बांधलेले नसल्यास हादऱ्याने ते वेगळे होतात. जुन्या दगडी घराच्या मागे मांडव उभारताना त्याचा भार अशा भिंतीवर टाकू नये. मांडव स्वतंत्र खांबांवर व हलका असावा. ओट्याची दगडी भिंत रचतानाही ठरावीक अंतराने भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बसवावेत.

भारतीय मानक आयएस ८७५ (भाग २) मध्ये निवासी इमारतींच्या बाल्कनीसाठी दर चौरस मीटरला ३ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ३०० किलोग्रॅम इतका भार गृहीत धरला आहे. याच हिशेबाने १२ चौरस मीटरच्या पोकळ लाकडी ओट्याला सुमारे ३,६०० किलोग्रॅम भार पेलावा लागतो. सण-समारंभात एकाच वेळी अनेक माणसे ओट्यावर येतात, त्यामुळे हा आकडा अवाजवी नाही. उंच ओट्याला सुमारे एक मीटर उंचीचा कठडा असावा.

घराच्या मागे व बाजूला सोडावयाच्या मोकळ्या जागेला विकास नियमांत ‘सामासिक अंतर’ म्हणतात. या जागेत कायमचे छप्पर किंवा भिंत उभारण्यापूर्वी महानगरपालिकेच्या नगररचना विभागाकडून परवानगीबाबत खात्री करून घ्यावी लागते. ओट्यासाठी झाड तोडायचे असल्यास महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार पूर्वपरवानगी आवश्यक असते. बहुधा झाड वाचवून ओट्याचा आकार बदलणे अधिक स्वस्त पडते. शिवाय पूर्ण वाढलेल्या कडुनिंबाची सावली नव्या मांडवाला अनेक वर्षे देता येत नाही.

निगा

ओट्याची देखभाल ऋतुचक्राला धरून केली जाते. मे अखेरीस पन्हाळी व पाणी निघण्याची भोके साफ करतात, सांध्यांतील भेगा भरतात आणि मांडवाच्या गाठी व खिळे तपासतात. पावसाळ्यात शेवाळ खराट्याने घासून काढतात आणि कुंड्यांखालील ताटल्यांत पाणी साचू देत नाहीत. पावसाळा संपल्यावर, जमीन ओली असतानाच, ओटा उचलला किंवा खचला आहे का हे पाहिले जाते. काळ्या मातीची हालचाल या वेळी आणि कडक उन्हाळ्यात अशा दोन टोकांना स्पष्ट दिसते. लाकडी भागांना हिवाळ्यात, लाकूड पुरेसे कोरडे झाल्यावर, तेलाचा हात देतात. वाळवीच्या मातीच्या नळ्या भिंतीवर किंवा खांबावर दिसल्यास त्या नुसत्या खरवडून न टाकता मूळ ठिकाण शोधून उपचार करावा लागतो.